राजीनामा तू लिहायचा नाहीस

प्रिय,

साहेबांनी दबाव आणला म्हणून लिहिलेला राजीनाम्याचा मसुदा तपासायला पाठवलास. वाचला. भाषा नेटकी आहे, शुद्धलेखनही कुठे चुकलेलं नाही. पण मी त्यातला एक शब्दही सुधारून देणार नाही. हे पत्र तू द्यायचंच नाहीस.

तू हुशार आहेस, दुसरीकडे सहज लागशील, हे सांगणारे तुझ्याभोवती पुष्कळ असतील. ते काम त्यांच्याकडेच राहू दे. मला तुझ्या निरोपातलं एक वाक्य खटकलं: "निदान एकदाचं संपेल तरी." म्हणजे तुला नोकरी सोडायची नाहीये रे, जीव टांगणीला लागलाय त्यातून सुटायचंय. त्रास खरा आहे. समाजशास्त्रज्ञ सारा बर्गार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये अमेरिकेतल्या नोकरदारांच्या दोन मोठ्या पाहण्या तपासल्या. नोकरी जाईल या धास्तीत सतत राहणारे लोक स्वतःची तब्येत जास्त वाईट सांगत होते, आणि प्रत्यक्ष नोकरी जाण्याचा परिणाम वेगळा काढला तरी हा फरक उरत होता. तेव्हा झोप उडाली म्हणून स्वतःला भित्रा म्हणू नकोस. पण झोप लागावी म्हणून हातातलं सगळं सोडून द्यायचं? नाही.

"स्वतःहून राजीनामा दे, रेकॉर्ड स्वच्छ राहील," असं म्हणाले ना तुला केबिनमध्ये? रेकॉर्ड त्यांचं स्वच्छ राहतं. तुझी सही झाली की त्यांना कारण द्यावं लागत नाही आणि भरपाईचा विषय बहुधा मिटतो. कित्येक देशांत स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला बेकारी भत्ता मिळत नाही, किंवा फार उशिरा मिळतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1982 चा 158 क्रमांकाचा करार सांगतो की माणसाची क्षमता, त्याचं वर्तन किंवा संस्थेची निकड, यांतलं वैध कारण असल्याशिवाय त्याला कामावरून काढू नये. वर्तनावर ठपका असेल तर आधी त्याचं म्हणणं ऐकावं. सगळ्या देशांनी हा करार स्वीकारलेला नाही, हे खरं. पण जिथे जे काही संरक्षण आहे, ते मुख्यतः काढून टाकलेल्या माणसासाठी आहे. आपल्या हाताने लिहून देणाऱ्याला सहसा कुणी विचारत नाही. काढायचं असेल तर त्यांनी काढावं, कारण लिहून काढावं. राजीनामा तू लिहायचा नाहीस.

आता कामाचं. केबिनमधलं बोलणं झालं त्याच दिवशी ईमेल जायला हवा होता. निदान आज पाठव. चारच ओळी: अमुक तारखेला आपण मला असं सुचवलंत, माझा राजीनामा देण्याचा विचार नाही, काही निर्णय झाला असल्यास कारणांसह लेखी कळवावा. रडगाणं नको, टोमणे नकोत. पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र, अप्रेझलची पत्रं घरी आणून ठेव. कंपनीच्या फायली मात्र स्वतःच्या ईमेलवर पाठवू नकोस, त्यांना आयतं कारण मिळेल. समोर कागद सरकवला तर "वाचून उद्या देतो." अगदीच पोच मागितली तर सहीच्या वर "फक्त पोच, मजकूर मान्य नाही" असं लिही. आणि कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला एकदा भेट, नियम देशागणिक आणि पदागणिक बदलतात. त्यांनी रकमेसह लेखी करार पुढे केला तर गोष्ट वेगळी, तो वाचू, घासाघीस करू. दुसऱ्या नोकरीचं पत्र हातात पडलं तर खुशाल जा.

"मोकळा वेळ मिळेल, शांतपणे तयारी करीन" हेही लिहिलं आहेस. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल गावातली गिरणी बंद पडली तेव्हा समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिचे सहकारी तिथे अभ्यासाला गेले होते. वेळच वेळ असलेल्या त्या गावात 1929 ते 1931 या काळात वाचनालयातून नेलेल्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली होती. माणसं चालायचीसुद्धा सावकाश. तिथे अख्खं गाव बेकार होतं, तुझं तसं नाही, मान्य. तरी शोध आत्ताच सुरू कर, आणि लाज सोडून लांबच्या ओळखीच्यांनाही कळव. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरने 1973 च्या लेखात दाखवलं होतं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम 17 टक्क्यांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती.

मी हे कुठल्या तोंडाने सांगते, तर माझ्यावर हीच वेळ आली होती. माझं टेबल हलवून स्टोअररूमच्या दाराशी नेलं. मग काम काढून घेतलं. मी रोज वेळेवर जाऊन बसायचे. "हिला मान कसा नाही," असं लोक बोलायचे, त्यात माझ्याच नात्यातलेही होते. त्या दिवसांत मी घरी कुणाशी धड बोलले नाही, मुलांवर उगाच खेकसले. त्याची रुखरुख अजून आहे. पण राजीनामा देऊन मी हसतमुख घरी आले असते, असं थोडंच आहे? शेवटी पद रद्द केल्याचं पत्र त्यांनाच द्यावं लागलं, पैसेही द्यावे लागले. पुढच्या मुलाखतीत "पद रद्द झालं" एवढं सांगितलं आणि विषय तिथेच संपला. माझ्याबरोबर दबाव आलेल्या दोघांनी आठवड्याभरात लिहून दिलं होतं. त्यांना साधं अनुभवपत्र मिळवायला खेटे घालावे लागले. मान कुणाचा राहिला, तूच ठरव. हट्टी म्हण मला. आहेच.

ईमेल गेल्यावर ते पुन्हा बोलावतील, या वेळी एचआरची माणसं जास्त असतील आणि आवाज गोड असेल. वही-पेन घेऊन जा. कोण होतं, किती वाजता, कुणी काय शब्द वापरले, त्यांच्यासमोरच टिपत बस. वही कशाला असं विचारलं तर सांग, माझ्या लक्षात राहत नाही.