सर म्हणतात, कोर्स कशाला?

पत्र: ताई, मी १९ वर्षांची आहे. वडील दारूपायी गेले, मी अकरा वर्षांची असताना आई टीबीनं गेली. मग मामाकडे राहिले. घरातलं सगळं काम करून शाळा, आणि काही चुकलं की मार. एकदा तोंडावर असा फटका बसला की पुढचा एक दात हळूहळू काळा पडला. चौदाव्या वर्षी शेजारच्या काकूंनी १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला आणि मी बालगृहात आले. तिथूनच बारावी सायन्स झाले, बायोलॉजी घेऊन, ५८ टक्के. आता एका डेंटल क्लिनिकमध्ये असिस्टंट आहे. महिना ७,००० मिळतात, त्यातले ३,००० मामी मागते, मी देते. मला डेंटल हायजिनिस्ट व्हायचंय. पण सर म्हणतात, “दोन वर्षं कशाला घालवतेस? मी शिकवतो ना.” हल्ली साधं स्केलिंग, म्हणजे दातांवरचं कीटण काढणं, मीच करते. सरांनी मला लेकीसारखं वागवलंय, त्यांना नाही कसं म्हणू? पेशंट आवाज चढवून बोलला की माझे हात थरथरतात. आणि माझाच दात काळा, मी लोकांना काय सांगणार? – नाव छापू नका

उत्तर:

कोर्स कर, आणि मान्यता असलेल्या कॉलेजातूनच कर. सरांचा स्वभाव चांगला असेल, त्यांनी तुला जीव लावलाही असेल. पण ते तुला हात शिकवू शकतात, नोंदणी देऊ शकत नाहीत, आणि या कामात नोंदणीशिवाय हाताला किंमत नाही. १९४८ च्या दंतवैद्यांच्या कायद्यात हायजिनिस्ट कोण ते सरळ लिहिलंय: डेंटिस्ट नसलेली, पण दात खरवडून साफ करणारी, पॉलिश करणारी किंवा दातांच्या स्वच्छतेबद्दल शिकवणारी व्यक्ती. तिचं नाव राज्य दंत परिषदेच्या नोंदवहीत असावं लागतं. तुझं नाही. म्हणून स्केलिंग उद्यापासून थांबव. खुर्चीत बसलेला माणूस रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, त्याच्या छातीत पेसमेकर असेल, हृदयाची झडप बदललेली असेल आणि आधी अँटिबायोटिक द्यायला हवं असेल. यातलं काही विचारायचं राहिलं आणि त्याला त्रास झाला, तर “सरांनी सांगितलं होतं” हे म्हणणं तुला वाचवणार नाही.

क्लिनिकमध्ये हात बसतो हे खरं, पण चुकीचाही बसतो. अल्ट्रासोनिक स्केलरचं, म्हणजे कंपनानं कीटण काढणाऱ्या मशीनचंच बघ. त्याचं टोक दातावर उभं टेकवलं की दाताला, विशेषतः मुळाच्या मऊ भागाला, चरे पडतात. टोकाची बाजू दाताला जवळजवळ समांतर ठेवायची, पेनासारखं हलकं धरायचं, अनामिकेचा टेकू शेजारच्या दातावर घ्यायचा आणि हात सतत हलता ठेवायचा. एका जागी थांबलं किंवा पाणी कमी पडलं की दात तापतो, पेशंट कळवळतो. जोर लावल्यानं कीटण लवकर निघत नाही, उलट कंपन दबतं. खालच्या पुढच्या दातांच्या मागे आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला कीटण जास्त का, तर लाळेच्या ग्रंथी तिथेच उघडतात. हिरडीच्या खाली गेलं की नेहमी मशीन पुरतंच असं नाही, ग्रेसी क्युरेट ही हातानं खरवडायची बारीक हत्यारंही लागतात. ११/१२ नंबरचं दाढेच्या पुढच्या बाजूला, १३/१४ नंबरचं मागच्या. त्यांच्या पात्याचा कोन चुकला तर कीटण निघायच्या ऐवजी गुळगुळीत होऊन बसतं आणि वरून दात स्वच्छ दिसतो. पेशंट खूश होऊन जातो, हिरडी आतून खराब होत राहते. कोर्समध्ये दोन वर्षं जातात ती हे समजून घेण्यात.

आता सरांना नाही म्हणण्याबद्दल. हे तुला इतकं जड का जातंय ते तुझ्या पत्रातच आहे. ज्या मुलीला घरात पोटभर जेवण आणि मार एकाच हातानं मिळालं, तिला नीट बोलणाऱ्या माणसाचं ऋण फार मोठं वाटतं. सरांनी तुला माणसासारखं वागवलं, ती मालकानं करायचीच गोष्ट आहे. तिची परतफेड आपल्या शिक्षणानं करायची नसते. आणि कमी पगारात स्केलिंग करणारी असिस्टंट मिळणं हा त्यांचाही फायदा आहे, हे विसरू नकोस. भांडू नको, लांबण लावू नको. पेशंट नसताना सांग: “सर, मी हायजिनिस्टच्या डिप्लोमाला अर्ज करतेय. प्रवेश होईपर्यंत असिस्टंटचं काम करीन. स्केलिंग मात्र नोंदणी होईपर्यंत करणार नाही.” मग लेटरहेडवर अनुभवाचं पत्र माग, त्यात पद असिस्टंटचंच लिहिलेलं हवं, तारखांसह. खरंच लेकीसारखं मानत असतील तर देतील. चिडले, तर त्यावरूनही तुला काय ते समजेल.

डिप्लोमा दोन वर्षांचा, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, ते तुझ्याकडे आहे. ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा बीडीएससाठी, म्हणजे डेंटिस्टच्या पदवीसाठी असते, इथे साधारणपणे बारावीच्या गुणांवर प्रवेश होतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी दंत महाविद्यालयं आणि मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय इथे आधी चौकशी कर: यंदा हा कोर्स चालू आहे का, जागा किती, अर्ज कधी निघतो. कॉलेज खासगी असेल तर एक पैसाही भरण्याआधी भारतीय दंत परिषदेच्या मान्यतेचं पत्र दाखवायला सांग. २०२३ च्या कायद्यानं परिषदेच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग आणायचं ठरलंय, त्यामुळे कागदावर दोन्हींपैकी कोणतंही नाव दिसू शकतं. त्यावरही थांबू नको. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेला विचार, “या कॉलेजच्या मुलांची हायजिनिस्ट म्हणून नोंदणी होते का?” उत्तर लेखी किंवा ईमेलनं घे. सहा महिन्यांत ‘डेंटल असिस्टंट कम हायजिनिस्ट’ करून देतो म्हणणाऱ्यांचं सर्टिफिकेट भिंतीवर लावायला बरं, नोंदवहीत नाव घालायला निरुपयोगी. पैसे अडकलेल्या मुली बहुतेक इथेच अडकतात.

पैशाचं. तू बालगृहातून बाहेर पडलेली १९ वर्षांची मुलगी आहेस, आणि १८ ते २१ या वयात तुला अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावर पायावर उभं राहण्यासाठीची मदत मागता येते. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत ती महिना ४,००० रुपये आहे, आणि काही प्रकरणांत २३ पर्यंत वाढवता येते. राहायची सोय नसेल तर अनुरक्षण गृहाचंही विचार. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात. बाल कल्याण समितीचा तुझा आदेश आणि बालगृहाचा दाखला बरोबर ने. कागद नसतील तर बालगृहाच्या अधीक्षकांकडून नक्कल मिळते. हे काम सगळ्यात आधी कर, कारण यात वय मोजतात आणि फायली हळू हलतात.

तुझे आई-वडील दोघंही नाहीत, म्हणून अनाथ प्रमाणपत्रासाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे अर्ज कर. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण आहे. दोघांचेही मृत्यूचे दाखले लागतील. वडिलांचा नसेल तर ग्रामपंचायतीपासून सुरुवात कर, उशिरा नोंदीची वाट थोडी लांबची आहे. शाळा सोडल्याचा दाखला, बारावीची गुणपत्रिका आणि आधार या तिन्हींवर नाव अक्षरशः एकच आहे का तेही आजच बघ. बालगृहात आलेल्या मुलांच्या नावात कुठे वडिलांचं, कुठे मामाचं नाव लागलेलं असतं आणि प्रवेशाच्या दिवशी ते नडतं. मध्ये वर्ष गेलंय, तर गॅपचं प्रतिज्ञापत्रही करून ठेव.

मामीला दर महिना ३,००० देणं बंद कर. अकरा ते चौदा या वयात तू त्या घरात राबलीस, मार खाल्लास. तिथे तुझी काही देणी नाहीत. बँकेचं खातं फक्त तुझ्या नावावर आहे का, मोबाइल नंबर तुझाच जोडलेला आहे का, एटीएम कार्ड कुणाकडे आहे, हे तपास. जुन्या खात्याला पालक म्हणून मामाचं नाव असेल तर नवं झीरो बॅलन्स खातं काढ आणि पगार तिकडे वळव.

हात थरथरणं हा तुझा कमकुवतपणा नाही. ज्या घरात आवाज चढला की हात उठायचा, तिथे शरीरानं शिकलेलं आहे ते. पण तोंडात धारदार हत्यार असताना ते चालणार नाही, म्हणून ठरलेली कृती हवी. पेशंट ओरडला की आधी हत्यार तोंडातून काढून ट्रेमध्ये ठेव. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकव. श्वास आत घेण्यापेक्षा सोडताना जास्त वेळ घे, तीन-चार वेळा. मग एवढंच म्हण, “दुखलं का? थांबूया. दुखलं की डावा हात वर करा.” बहुतेक लोक भीतीनं ओरडतात आणि थांबायची खूण मिळाली की शांत होतात. शांत झाला नाही तर बाजूला होऊन डॉक्टरांना बोलाव. हे रोज आरशासमोर मोठ्यानं म्हणून बघ, म्हणजे वेळेला शब्द शोधावे लागणार नाहीत. रात्री झोप उडत असेल, जुनं सारखं डोळ्यांसमोर येत असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. चोवीस तास चालतं, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तिथून पुढे समोरासमोर समुपदेशनाचीही सोय विचार.

दाताचं तर मला सगळ्यात आधी वाटलं की तू अजून दाखवला कसा नाहीस! फटका बसून दात काळवंडला म्हणजे आतली नस मेली असण्याची शक्यता खूप, आणि न दुखताही मुळाशी पू साठू शकतो. जवळच्या डेंटल कॉलेजात जा, फी कमी लागते. आधी एक छोटा एक्स-रे निघेल. मग बहुतेक रूट कॅनाल, आणि त्यानंतर दाताच्या आत औषध भरून उजळवायचं, काही दिवसांच्या अंतरानं दोन-चार फेऱ्यांत. दात फारच मोडका असेल तर कॅप. लाजून हात तोंडावर धरायची सवय असेल तर तीही हळूहळू जाईल. आणि मिश्रीनं काळे झालेले दात पदराआड लपवणारी बाई समोर बसेल तेव्हा तिच्याशी कसं बोलायचं, हे तुला कुणी शिकवावं लागणार नाही.

क्लिनिकमध्ये काम करतेस, तर हेपटायटिस बीची लस झालीय का? झाली नसेल तर तीन डोस लागतात: पहिला, महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली अँटिबॉडीची पातळी तपास, १० mIU/mL च्या वर हवी. हत्यारं धुताना टोचलं तर बोट पिळू नको, साबण-पाण्यानं धू आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठ. एचआयव्हीविरोधी औषध पहिल्या काही तासांत सुरू झालेलं उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही.

नोकरीबद्दल खरं सांगायचं तर छोट्या गावातले बरेच डॉक्टर स्केलिंग स्वतः करतात, तिथे हायजिनिस्टला पगार बेताचाच. जागा असतात त्या मोठ्या रुग्णालयांत, डेंटल कॉलेजांत, सैन्यदलात, सरकारी आरोग्य खात्यात. रेल्वेही हायजिनिस्ट भरते, मोजक्याच जागा, आणि तिथे डिप्लोमाबरोबर बायोलॉजी घेऊन विज्ञानाची पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव मागतात. त्यामुळे पदवीचा रस्ता बंद करू नको. आधी डिप्लोमा आणि नोंदणी, मग नोकरी करत बीएस्सी जमतंय का ते बघ. सोमवारी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा, आणि तिथे कुणी “नंतर या” म्हणालं तर अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नको.