तिसरी नीट नको, भाऊ

भाऊ, नमस्कार.

लाखांदूर तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी दोनदा नीटला बसली, गुण पुरले नाहीत. आता तिसऱ्यांदा नागपूरला क्लास लावायचा म्हणून धानाची एक बांधी गहाण टाकायला तुम्ही तयार आहात. ती मात्र म्हणते, मला शहरांचं नियोजन शिकायचंय. त्यातही नाटक, कला आणि बाजार जिथं एकत्र नांदतात अशा भागांचं, म्हणजे सांस्कृतिक परिसरांचं. तुमचं म्हणणं, 'तिला समजवा, नाटकाच्या नादानं कोणाचं भलं झालं?'

तिला मी समजावणार नाही. मला काळजी वाटते ती तुमच्या पत्राची. दोन पानांत 'आम्ही ठरवलं' पाच वेळा आहे. तिचं म्हणणं एका वाक्यात, तेही खोडून पुन्हा लिहिलेलं. मेव्हणीची मुलगी एमबीबीएसला लागली, ही ओळ मात्र अधोरेखित. घरी जेवायला बसली की आधी टेस्टचे गुण विचारतो, असं तुम्हीच लिहिलंय. आणि शेवटी, जाता जाता, ती रात्री झोपत नाही. ही ओळ मी चारदा वाचली. भाऊ, क्लास राहू द्या, आधी तिला डॉक्टरांना दाखवा. गहाण पडलेल्या जमिनीचं ओझं घेऊन पोरगी पेपरला बसली, तर तिला समोरचा प्रश्न दिसत नाही, बांधी दिसते.

आता त्या 'नादा'बद्दल. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठीच. पण तुमच्या मुलीला स्टेजवर जायचंच नाही. नदीपलीकडचं वडसा तिनं लहानपणापासून पाहिलंय. दिवाळीनंतर तिथं नाटक मंडळांची कार्यालयं गजबजतात, गावोगावची माणसं मंडईच्या जत्रेसाठी, शंकरपटाच्या बैलशर्यतीसाठी नाटक ठरवायला येतात. त्या गर्दीत गाड्या कुठं उभ्या करायच्या? बाहेरून आलेल्या नट्यांनी कुठं राहायचं? नाटक रात्रभर चालतं आणि उघड्यावर लाऊडस्पीकरला रात्री दहानंतर बंदी आहे, मग मार्ग कसा काढायचा? भाडं वाढून मंडळांनाच गल्ली सोडावी लागली तर? तिला जे शिकायचंय ते हे आहे. भिंती रंगवणं किंवा महोत्सव भरवणं म्हणजे सांस्कृतिक परिसर, हा समज फक्त तुमचा नाही, कित्येक नगरसेवकांचाही आहे. न्यूयॉर्कच्या सोहो भागात रिकाम्या कारखान्यांत कलाकार राहू लागले, १९७१ मध्ये शहरानं नियम बदलून त्यांना तिथं राहून काम करायची मुभा दिली. पुढं त्या भागाचं नाव झालं, भाडी चढली आणि बहुतेक कलाकारच बाहेर पडले. जागेचा वापर आणि भाडं वेळीच कुणी सांभाळलं नाही की असं होतं. आपल्याकडे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आणली. नगरपालिकांकडे सोपवायच्या कामांच्या त्या यादीत नगररचना आहे आणि संस्कृतीला चालना देणंही आहे. वडशालाही नगरपरिषद आहेच.

वाट सोपी नाही, तेही सांगते. 'सांस्कृतिक परिसर' नावाची जागा जाहिरातीत निघत नाही; आधी चांगली नगररचनाकार व्हावं लागतं. बी.प्लॅन या नियोजनाच्या पदवीला जेईई मेनचा वेगळा पेपर असतो, पण बारावीला गणित लागतं आणि तिनं ते घेतलेलं नाही. म्हणून तिनं भूगोल घेऊन पदवी आणि मग एम.ए. करावं; त्यावर काही संस्थांत एम.प्लॅन या नियोजनाच्या पदव्युत्तर पदवीला प्रवेश मिळतो. रोज एसटीनं घरून जाता येईल असं कॉलेज चालेल, त्यासाठी काही गहाण टाकावं लागणार नाही. शासनाच्या नगररचना विभागातल्या पदांना कोणती पदवी चालते, हे मात्र दर जाहिरातीत नीट वाचायचं.

यंदा मंडईच्या दिवसांत तिला वडशाला घेऊन जा. मंडळांच्या गल्लीचा नकाशा तिला वहीत काढू द्या: कार्यालयं कुठं, चहाटपऱ्या कुठं, गाड्या कुठं अडतात. तुम्ही सोबत चाला, गुणांचा विषय काढू नका. मग तो नकाशा मला पाठवा. सोबतचं पत्र तिला लिहू द्या, आणि ते न वाचता पाकीट चिकटवा.