मिस्सा आपल्या मालकीची नसते

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचून मी अस्वस्थ झाले आणि चिडलेही. राग तुझ्यावर नाही, तुला दोन्ही बाजूंनी ओढणाऱ्यांवर आहे. तू जुन्या लॅटिन मिस्सेला, म्हणजे 1969 च्या बदलाआधीच्या पद्धतीने होणाऱ्या कॅथलिक उपासनेला, गेलीस, तिथल्या शांततेने तुला आतून हलवलं, आणि तेव्हापासून आपल्या धर्मग्रामातली, म्हणजे गावच्या चर्चमधली, रविवारची मिस्सा तुला सपक वाटू लागली. नव्या ओळखीची मंडळी सांगतात की नवी मिस्सा समितीने टेबलावर बसून रचली. तुमचे फादर सांगतात की हे जुन्याचं वेड आहे, जाईल आपोआप. आणि तू मला विचारतेस, यातली खरी मिस्सा कोणती?

असं विचारूच नकोस. दोन्हींत वेदीवर तोच ख्रिस्त येतो, तेच कालवारीच्या टेकडीवरचं, क्रुसावरचं बलिदान होतं. हे तुला माहीत आहे, नसतं तर तू एवढी कासावीस झाली नसतीस. विचारायचंच असेल तर हे विचार, की मिस्सा कुणाची? माझं उत्तर इतक्या वर्षांत बदललेलं नाही. मिस्सा आपल्या मालकीची नसते. ती फादरांची नाही, क्वायरची नाही, लॅटिनप्रेमींची नाही, सुधारणावाद्यांची नाही, तुझी नाही, माझीही नाही. ख्रिस्तसभा ती आपल्या हाती देते आणि आपण ती घ्यायची असते.

समितीचा मुद्दा आधी संपवते. सोळाव्या शतकात बिशपांची ट्रेंटची परिषद झाली, तिच्यानंतर पोप पाचवे पायस यांनी 1570 मध्ये जो मिस्साग्रंथ दिला, त्याच्या संपादनाचं कामही नेमलेल्या विद्वानांनीच केलं होतं. दोनशे वर्षांहून जुन्या स्थानिक पद्धती मात्र त्यांनी चालू राहू दिल्या. पुढे बारावे पायस यांनी 1955 मध्ये पवित्र सप्ताहाचे, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्याचे, विधी बदलले. तेविसावे जॉन यांनी 1962 मध्ये रोमन कॅननमध्ये, म्हणजे मिस्सेच्या मुख्य प्रार्थनेत, संत योसेफाचं नाव घातलं. तुझे मित्र जुन्या मिस्सेसाठी 1962 चा जो ग्रंथ हातात धरतात, त्यावरही पोपांचे हात फिरलेले आहेत. त्याला अस्पर्श समजणं म्हणजे त्याचा इतिहास न वाचणं.

पण म्हणून 'फक्त भाषा बदलली' असं कुणी म्हणालं तर तेही ऐकून घेऊ नकोस. सहावे पॉल यांनी 3 एप्रिल 1969 रोजी मंजुरी दिलेल्या आणि त्याच वर्षीच्या आगमनकाळाच्या (नाताळच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारपासून लागू झालेल्या मिस्सेत वेदीच्या पायथ्याशी म्हणायच्या प्रार्थना गेल्या, अर्पणाच्या प्रार्थना बदलल्या, शेवटी वाचला जाणारा योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ गेला, रोमन कॅननच्या जोडीला आणखी तीन प्रार्थना आल्या. हा बदल मोठा होता आणि तो थोड्या वर्षांत लोकांवर येऊन आदळला. ज्यांना तो घाव वाटला त्यांना वेडं ठरवणाऱ्यांचा मला राग येतो. तुमच्या फादरांना हे माझ्या नावाने सांगितलंस तरी चालेल.

आता साठच्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेकडे, जगभरच्या बिशपांच्या त्या सभेकडे, ये, कारण तिचं नाव सगळे घेतात. उपासनेविषयीचा तिचा दस्तऐवज 4 डिसेंबर 1963 रोजी 2147 विरुद्ध 4 मतांनी संमत झाला. तो तू स्वतः वाच. त्यात लोकभाषेला जागा दिली आहे, आणि लॅटिनचा वापर टिकवावा असंही लिहिलं आहे. विश्वासूंना आपल्या वाट्याचे भाग लॅटिनमध्ये म्हणता-गाता यावेत, ग्रेगोरियन गायनाला, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन उपासना-गायनाला, मानाचं स्थान असावं, हेही त्यातच आहे. फादरांनी लोकांकडे तोंड करून मिस्सा करावी असं एक वाक्यही त्यात नाही. आजच्या मिस्साग्रंथातसुद्धा काही ठिकाणी 'लोकांकडे वळून' अशी सूचना आहे. एरवी फादर वेदीकडे तोंड करून उभे असू शकतात, हे तो ग्रंथ गृहीत धरतो. म्हणजे तुला सपक वाटणाऱ्या गोष्टींपैकी बऱ्याच गोष्टी ग्रंथातून आलेल्याच नाहीत. सवयीतून, घाईतून आणि कुणाच्या तरी हौसेतून त्या आल्या आहेत.

त्याच दस्तऐवजाच्या बाविसाव्या कलमात आणखी एक गोष्ट आहे. कुणीही, अगदी धर्मगुरूनेही, उपासनेत स्वतःच्या अधिकाराने काही घालू नये, काढू नये, बदलू नये. हे कलम मी किती जणांना दाखवलं असेल! मुख्य प्रार्थनेचे शब्द मनाला येतील तसे बदलणाऱ्या एका फादरांना मी ते एका समितीच्या भर बैठकीत वाचून दाखवलं, आणि पुढे बराच काळ मला त्या समितीवर कुणी बोलावलं नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा वाचेन. मिस्सा त्यांची नव्हती.

हाच नियम तुझ्या नव्या मंडळींनाही लागू आहे, आणि इथे मला माझ्या मैत्रिणीबद्दल लिहावं लागेल. आम्ही एकत्र शिकलो, एकाच क्वायरमध्ये गायलो. वेदीवरची जुनी भांडी अडगळीत गेली, लॅटिन गाणी एका झटक्यात बंद झाली, तेव्हा ती रडली होती, आणि तिचं रडणं योग्यच होतं. नव्या मिस्सेला विरोध करणाऱ्या फ्रेंच आर्चबिशप लफेव्र यांनी 30 जून 1988 रोजी स्वित्झर्लंडमधल्या एकोन इथे पोपांच्या आज्ञेविना चार बिशपांचा दीक्षाविधी केला, तेव्हा ती त्यांच्या बाजूने गेली. मी गेले नाही. 'तुला पवित्र गोष्टींची चाड नाही,' असं ती मला म्हणाली. मी तिला म्हणाले, तुझी तक्रार खरी आहे, पण तक्रार खरी असली म्हणून मिस्सा आपली होत नाही. त्यानंतर आमचं बोलणं तुटलं ते तुटलंच. मला त्याचं दुःख आहे. लोक मला म्हणतात, तू थोडं नमतं घ्यायला हवं होतंस. कशात नमतं घ्यायचं होतं? पोपांना सोडून जपलेली परंपरा नेमकी कुणाकडून आलेली असते, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

तुझ्या पिढीची अडचण मात्र वेगळी आहे, आणि ती मला कळते. सोळावे बेनेडिक्ट यांनी 7 जुलै 2007 रोजी जुन्या मिस्सेचं दार मोकळं केलं. त्या दारातून आत आलेल्या मुलांनी कुठलंही बंड केलं नव्हतं. त्यांना जे दिलं गेलं ते त्यांनी घेतलं. मग 16 जुलै 2021 रोजी फ्रान्सिस यांनी ते दार बरंचसं लावून घेतलं. 2023 मध्ये तर धर्मग्रामाच्या चर्चमध्ये जुनी मिस्सा करायची असेल तर बिशपांची परवानगीही पुरेनाशी झाली, रोमकडे जावं लागू लागलं. फ्रान्सिस यांची चिंता ऐक्याची होती, आणि जुन्या मिस्सेच्या आडून परिषदच नाकारणारे लोक मीही पाहिले आहेत. तरी हा निर्णय मला कठोर वाटला, आजही वाटतो. तेव्हा ज्यांनी आनंदाने टाळ्या पिटल्या त्यांच्याशी मी भांडले. दुसऱ्याच्या प्रार्थनेवर बंधन आलं म्हणून आनंद कसा होतो? पण कठोर वाटलं तरी वाट एकच आहे. मागायचं, पुन्हा मागायचं, बिशपांना लिहायचं, रोमला लिहायचं. हिसकावून घ्यायचं नाही.

आणि माझ्याकडून नव्या मिस्सेबद्दल वाईट ऐकण्याची अपेक्षा ठेवू नकोस. जुन्या क्रमात रविवारची वाचनं वर्षभराच्या एकाच चक्रात फिरत, आणि त्यांत जुन्या करारातलं फारच थोडं येई. 1969 पासून रविवारसाठी तीन वर्षांचं आणि साध्या दिवसांसाठी दोन वर्षांचं चक्र आहे. बायबलचं भांडार लोकांसाठी अधिक उघडावं, हे परिषदेचं मागणं इथे खरोखर पूर्ण झालं. मी वाचक आहे, मिस्सेत बायबल वाचून दाखवते. जानेवारी 2021 मध्ये वाचकाचं पद स्त्रियांना रीतसर खुलं झालं. त्याआधीही आम्ही वाचत होतोच, फक्त त्याला अधिकृत पद म्हणत नव्हते. यशया संदेष्ट्याचे शब्द लोकांच्या भाषेत, सगळ्यांना ऐकू जातील असे वाचताना मी काहीतरी गमावते आहे, असं मला कुणी पटवू शकणार नाही. पूर्वीच्या मिस्सेत कितीतरी माणसं बाकावर रोझरीचे मणी ओढत बसत. त्यांची भक्ती खरी होती, पण वेदीवर काय चाललं आहे याच्याशी तिचा संबंध तुटलेला असे. लोकांच्या सक्रिय सहभागाबद्दल दहावे पायस यांनी 1903 मध्येच लिहिलं होतं. ती काही साठच्या दशकातली टूम नव्हे.

माझ्याबद्दल दोन्हीकडचे लोक म्हणतात की ही ना इकडची ना तिकडची. म्हणू देत. मी एकाच जागी उभी आहे, त्यांना तिथून बाजू दिसत नाही एवढंच.

तू गुडघे टेकून जिभेवर ख्रिस्तप्रसाद घेतेस म्हणून तुला कुणीतरी टोकलं, असं लिहिलंस. 2004 मध्ये रोमने स्पष्ट सांगितलं आहे की गुडघे टेकल्याच्या कारणावरून कुणालाही ख्रिस्तप्रसाद नाकारता येत नाही, आणि जिभेवर घेण्याचा हक्क प्रत्येकाला कायम आहे. तेव्हा शांतपणे टेक. पण शेजारचा हातावर घेतो म्हणून त्याची श्रद्धा मोजत बसू नकोस. त्यालाही ख्रिस्तसभेनेच परवानगी दिली आहे.

क्वायर सोडू का, असं विचारलं आहेस. मुळीच सोडू नकोस. तू सोडलंस तर तिथे लॅटिनचा एक शब्द तरी कोण गाणार? सहावे पॉल यांनी 1974 मध्ये जगभरच्या बिशपांना सोप्या ग्रेगोरियन गाण्यांची एक छोटी पुस्तिका पाठवली होती, 'युबिलाते देओ' नावाची. प्रत्येक धर्मग्रामाला निदान एवढं तरी यावं, ही त्यांची इच्छा होती. ज्या पोपांवर तुझे मित्र सगळा दोष ठेवतात, तेच हे पोप. त्या पुस्तिकेतलं 'सांक्तुस' (पवित्र, पवित्र, पवित्र) आणि 'आन्युस देई' (देवाचं कोकरू) शिकून घे, क्वायरमधल्या दोघी-तिघींना शिकव, मग फादरांकडे जा आणि येत्या उपवासकाळात, ईस्टरआधी, रविवारच्या मिस्सेला ते गाण्याची परवानगी माग. नाही म्हणाले तर वाद घालू नकोस. आगमनकाळ आला की पुन्हा जाऊन विचार.