ठाण्याजवळच्या येऊरला भरदुपारी झाडांवर किर्र आवाज करतो तो रातकिडा असतो का? आणि खोडाला चिकटलेलं रिकामं कवच कशाचं?

नाही, तो सिकाडा. पावसाआधी येऊरच्या जंगलात त्यांचा गजर टिपेला असतो. आपल्याकडे किरकिरणारा प्रत्येक किडा रातकिडा ठरतो, पण हा मुळात टोळ-नाकतोड्यांच्या घराण्यातला नाहीच. सिकाडा हेमिप्टेरा गणातला, म्हणजे ढेकूण आणि मावा यांचा भाऊबंद. चावायला जबडा नाही, सोंड आहे. ती झाडात खुपसून रस पितो.

ओळखायचा कसा? मिशा पाहा. रातकिड्याच्या मिशा लांबलचक, सिकाडाच्या केसाएवढ्या आखूड. डोकं रुंद, दोन्ही कडांना बटणासारखे टपोरे डोळे, मध्ये तीन बारीक साधे डोळे. पंख बहुधा काचेसारखे, ठळक शिरांचे, बसल्यावर कौलारू छपरासारखे उतरते. काही जातींचे पंख मात्र सालीच्या रंगाचे, ठिपकेदार. असा किडा हातभर अंतरावर असूनही दिसत नाही.

आवाज नर काढतो, पंख घासून नव्हे. पोट जिथे सुरू होतं तिथे दोन्ही बाजूंना दोन बरगड्यादार पडदे असतात, स्नायू ते भराभर आत-बाहेर करतात आणि पोकळ पोट आवाज घुमवतं.

जगात ३,००० हून जास्त जाती आहेत. बहुतेक सगळ्या सिकाडिडी कुळात. दुसऱ्या टेटिगार्क्टिडी कुळात आज फक्त २ उरल्यात, त्याही ऑस्ट्रेलियात.

ते कवच पिल्लाची कात. पुढचे पाय फावड्यासारखे दिसतील, जमिनीत खणायला. पाठीवर उभी चीर असते, तिथूनच प्रौढ बाहेर पडला. सिकाडा चावत नाही, खुशाल हातात घ्या.