नीटचा फॉर्म बाजूला ठेवा, आधी तुमचा अर्ज भरा

प्रश्न : आम्ही मूळचे नागपूरचे. मुलगी चार वर्षांची असताना न्यू जर्सीला आलो. मिस्टर नोकरीच्या एच-१बी व्हिसावर, मी आणि मुलगी कुटुंबीयांना मिळणाऱ्या एच-४वर. ग्रीन कार्डाचा अर्ज दहा वर्षांहून जास्त काळ रांगेत आहे. मुलगी आता १६ वर्षांची, अकरावीत आहे. तिनं नागपूरला आजीकडे राहावं, नीट देऊन एमबीबीएस करावं आणि डॉक्टर होऊन इकडे परत यावं, अशी माझी इच्छा आहे. इथे राहिली तर हाताबाहेर जाईल. मराठी बोललेलं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच देते. ती स्पीच थेरपी का काय म्हणते. मी बीएस्सी, बीएड आहे, नागपुरात सहा वर्षं गणित शिकवलं. तिला जरा समजावून सांगाल का?

उत्तर : ताई, तुमच्या तीन पानी पत्राचा हा सारांश. मार्क तुम्ही एका ओळीत उरकलेत. ते चांगले आहेत, त्यांची मला काळजी नाही. मी थांबले ती दुसऱ्या पानावर. तिथे तुम्ही लिहिलंय, की मुलगी नऊ वर्षांची असल्यापासून इन्शुरन्सवाल्यांचे फोन तीच घेते, कारण समोरच्याचे उच्चार तुम्हाला पटकन कळत नाहीत. तुम्ही शेजारी बसून कार्डावरचा नंबर बोटानं दाखवायच्या आणि ती बोलायची. शाळेत पालक-शिक्षक भेटीलाही तुमचं म्हणणं बाईंना आणि बाईंचं तुम्हाला तीच सांगायची.

हे तुम्ही कौतुकानं लिहिलंय आणि कौतुकाचंच आहे. पण पुढच्याच पानावर 'स्पीच थेरपी का काय' असं लिहून तुम्ही पुढे गेलात. अहो, जी मुलगी सात वर्षं आईचे शब्द परक्या माणसांपर्यंत पोचवते आहे, तिला माणसांचं अडलेलं बोलणं मोकळं करायचं काम करावंसं वाटतं. हे खूळ नाही. ही निवड तुमच्याच घरात, तुमच्याच शेजारी बसून झालेली आहे.

मागे डिसेंबरात परदेशातून सुट्टीवर आलेल्या एक मायलेकी माझ्याकडे आल्या होत्या. मी मुलीला विचारलं, तुला काय करावंसं वाटतं? ती म्हणाली, 'आय डोन्ट नो येट.' आई लगेच माझ्याकडे वळून म्हणाली, 'तिला डॉक्टरच व्हायचंय म्हणते.' मुलीला मराठी कळत होतं. ती आईकडे पाहत राहिली, मग जॅकेटची चेन वर-खाली करत बसली. पुढचा पाऊण तास ती एक शब्द बोलली नाही. तुमचं पत्र वाचताना मला ती चेन आठवली. मुलगी उत्तर इंग्रजीत देते याचं तुम्हाला वाईट वाटतं, ते मी समजू शकते. पण ती उत्तर देते आहे ना? ते आधी ऐका.

आता नीटचं. परीक्षा ७२० गुणांची, प्रश्न १८०, सगळा भर आपल्या अकरावी-बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीवर. दहावी-बारावी महाराष्ट्राबाहेर झालेल्या मुलांना राज्याच्या ८५ टक्के कोट्यात सहसा जागा मिळत नाही. उरतो देशपातळीवरचा १५ टक्के कोटा, नाहीतर खासगी कॉलेजची एनआरआय सीट.

खरा गैरसमज मात्र पुढचा आहे, आणि तो फार महागात पडणारा आहे. 'डॉक्टर होऊन परत येईल' असं तुम्ही गृहीत धरलंय. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं. अठराव्या वर्षी प्रवेश मिळाला असं धरलं तरी बाहेर पडताना ती साडेतेवीस वर्षांची असेल. एच-४वर मूल एकविसाव्या वाढदिवसापर्यंतच राहू शकतं. म्हणजे ज्या घरात ती चार वर्षांची असल्यापासून वाढली, तिथे परतायलाही तिला स्वतःचा वेगळा व्हिसा लागेल. रोजगारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून तर भारतीयांची रांग इतकी लांब. तुमचा नंबर तिच्या एकविशीनंतर लागला, तर ती तुमच्या अर्जातून बाहेर पडू शकते. वय मोजताना काही दिवस वजा करण्याची सोय २००२च्या कायद्यात आहे. तुमच्या बाबतीत ते किती निघतात, हे इमिग्रेशनच्या वकिलाला याच महिन्यात विचारा. तिथे डॉक्टर म्हणून काम करायला यूएसएमएलई ही परवान्याची परीक्षा आणि रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण, पुन्हा वेगळंच. रेसिडेन्सी परदेशातून आलेल्या बहुतेकांना जे-१ या तात्पुरत्या व्हिसावर करावी लागते, आणि ती संपली की सूट मिळाली नाही तर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. नीटच्या तारखेआधी तुम्हाला तिच्या एकविसाव्या वाढदिवसाची तारीख भिंतीवर लिहायला हवी.

स्पीच थेरपीसाठी तिथे पदवी, मग मास्टर्स, मग देखरेखीखालचं काम आणि राज्याचं लायसन्स असा रस्ता आहे. दोन भाषा जाणणाऱ्या थेरपिस्टची गरज शाळांना आणि दवाखान्यांना असतेच, तेव्हा तिचं मोडकंतोडकं मराठीही वाया जाणार नाही. एकविशीच्या आधी तिला विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल आणि एच-४वर तिथल्या केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मिळत नाही, म्हणून फीचं गणित आत्ताच मांडा. भारतातच शिकायचं झालं तर मैसूरला १९६५पासून केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग आहे. पण तो निर्णय तिचा असू द्या.

राहिली हाताबाहेर जाण्याची भीती. ताई, तुम्ही ज्या नागपुरात तिला पाठवू बघताय, ते तुम्ही निघालात त्या दिवशीचं आहे. तेव्हा इथे मेट्रोचा एक खांब नव्हता. आज रामदासपेठेत माझ्यासमोर बसणाऱ्या मुली आईशी तितक्याच भांडतात, फक्त मराठीत. आजीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्याचं तुम्हीच लिहिलंय. त्या गुडघ्यांवर मे महिन्याच्या पंचेचाळीस डिग्रीत, क्लासच्या वेळा सांभाळत, एका सोळा वर्षांच्या मुलीला 'आपली' करून द्यायचं काम टाकू नका.

आणि आता तुमच्याबद्दल, कारण मला वाटतं या पत्रात करिअरचा खरा प्रश्न तुमचा आहे. सहा वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई एका व्हिसाच्या शिक्क्यानं घरी बसली. ज्या एच-१बीधारकाचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीनं भरलेला अर्ज, मंजूर आहे, त्याच्या जोडीदाराला २०१५च्या नियमानं काम करता येतं. तुम्हाला ते कामाच्या परवानगीचं ईएडी कार्ड चार वर्षांपूर्वी मिळालं, एकदा नूतनीकरणही झालं, 'पण आता या वयात मला कोण घेणार' म्हणून ते कपाटातच आहे. हे वाचून मला राग आला, तुमचा नाही, त्या वाया गेलेल्या वर्षांचा. तुमचं जे थांबलं ते मुलीनं पुरं करावं, ही अपेक्षा तुम्ही कुठेही लिहिलेली नाही, पण तिन्ही पानांवर आहे. तिच्या खांद्यावरून ती उतरवायचा एकच मार्ग मला दिसतो : तुम्ही कामाला लागा.

रविवारी मराठी शाळेत शिकवता ना? तो अनुभव अर्जात लिहा. बीएस्सी आणि बीएडचं तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून मूल्यांकन करून घ्या. न्यू जर्सीत शिक्षक होण्याचा 'अल्टरनेट रूट' म्हणजे पर्यायी मार्ग आहे, गणितासाठी प्रॅक्सिस ही शिक्षकांची पात्रता परीक्षा असते. व्हिसावर असताना त्याच्या काय अटी आहेत, ते राज्याच्या शिक्षण खात्याला लेखी विचारा. शिक्षकाच्या हाताखाली मदतनीस किंवा एखाद्या ट्यूशन सेंटरमध्ये गणित, इथून सुरुवात केलीत तरी चालेल. उच्चारांची भीती वर्गात उभं राहिल्यावरच जाते. आणि पहिला फोन तुम्हीच करायचा. मुलीनं नाही.

येत्या शुक्रवारी तुमच्या रात्रीच्या आठला फोन करा, आमच्याकडे शनिवारची पहाट साडेपाच असेल, मी उठलेली असते. पहिली वीस मिनिटं मुलगी माझ्याशी एकटी बोलेल, तिला हव्या त्या भाषेत. तेवढ्यात तुम्ही कपाटातून ते कार्ड काढा आणि त्यावरची मुदतीची तारीख बघून ठेवा, नंतर मला ती वाचून दाखवायची आहे.