मुलगी ठणठणीत आहे, मग सुई कशाला?

अकरा वर्षांच्या मुलीची आई बसायच्या आधीच म्हणाली, "धावते, खेळते, काही दुखत नाही. अजून किती दिवस टोचायचं?" दीड वर्षापूर्वी मुलीचा घसा दुखला आणि आपोआप बरा झाला. तीन आठवड्यांनी ताप आला. आधी गुडघा, मग घोटा, मग मनगट सुजलं. ऱ्हुमॅटिक फीवर, म्हणजे घशाच्या संसर्गानंतर सांधे आणि हृदयाला त्रास देणारा ताप. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची मायट्रल झडप गळत होती.

"ताई, ही सुई आजच्या दुखण्यासाठी नाहीच. घशात स्ट्रेप्टोकोकस हा जंतू पुन्हा शिरला की त्याच्याशी लढताना शरीर झडपेलाही इजा करतं. झडप पहिल्यासारखी करणारं औषध नाही. जंतूला थारा न देणारं आहे, ते हे बेंझाथिन पेनिसिलिन."

झडपेला इजा राहिली असेल तर ही सुई या तापाच्या शेवटच्या हल्ल्यापासून किमान १० वर्षं किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत, यातलं जे नंतर येईल तोवर घ्यायची. ऐकून आई गप्प झाली. पण हा आकडा पहिल्याच भेटीत सांगावा. 'थोडे दिवस' म्हणून वेळ मारून नेली की पालक पुढे फिरकत नाहीत.

सुयांच्या नोंदीच्या कार्डावर दोन महिने कोरे होते. कारण मुलीने सांगितलं: "सुई अडकली, पुन्हा टोचलं." हे औषध दुधासारखं दाट, पाण्यात कालवून ठेवलं की तळाशी बसतं आणि बारीक सुईत तुंबतं. तिचं वजन ३२ किलो, म्हणून मात्रा १२ लाख युनिट. या वेळी नर्सने कुपी मुठीत धरून कोमट केली, २१ नंबरची जाडसर सुई घेतली, टोचायची जागा अंगठ्याने दहा सेकंद दाबली, औषध भरल्याबरोबर दिलं, तेही दोन-तीन मिनिटं हळूहळू. मुलगी खाऊन आली होती, आडवी झोपली होती.

रिॲक्शनची भीती आईला होतीच. गंभीर ॲलर्जी फार क्वचित होते. तरी ॲड्रेनॅलिन (अशा ॲलर्जीवरचं तातडीचं औषध) हाताशी असेल तिथेच सुई घ्यावी आणि अर्धा तास थांबावं. झडप फार खराब असून धाप लागत असेल, तर मात्र सुईनंतर रक्तदाब पडून जिवाला धोका होऊ शकतो. अशांना डॉक्टर बहुधा रोजच्या गोळ्यांवर ठेवतात.

कार्डावर आणखी एक चूक होती: 'दर ५ तारखेला'. औषधाचा असर चौथ्या आठवड्यात उतरतो आणि महिना ३०-३१ दिवसांचा. वर्षाला १३ ऐवजी १२ सुया होतात, दर महिन्याला दोन-तीन दिवस उघडे पडतात. २८ दिवस धरले की वार बदलत नाही. त्या दिवशी मंगळवार होता. पुढचे मंगळवार मुलीनेच मोजून कॅलेंडरवर गोल केले.