मे महिन्याचा आकडा माग

तुझा मेसेज वाचला. "काका, माझा पगारच महापेच्या डेटा सेंटरमधनं येतो, आता गावच्या सड्यावर तेच येणार म्हणतायत तर मी कुठल्या तोंडाने बोलू?" अगं, तोंडाचा प्रश्न आला कुठनं यात? वीज मंडळात नोकरी करणारा माणूस स्वतःच्या वाढीव बिलावर भांडत नाही का? दलाल वाडीत सांगत फिरतोय की धूर नाही, वास नाही, नुसती एसीची बिल्डिंग आहे, आणि कंपनीचा कागद आला तर तो वाचता येणारी अख्ख्या वाडीत तू एकटी आहेस.

तर एकच कर. आतले रात्रंदिवस चालणारे कॉम्प्युटर गार ठेवायला जे पाणी लागतं, त्या पाण्याचा आकडा माग, मे महिन्याचा माग, आणि लेखी माग.

वर्षाची सरासरी दाखवतील, ती घेऊ नकोस. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, रिपोर्टच्या पहिल्या पानावर तो झोकात छापतात, पण जांभ्या दगडातनं तो खाली जातो, पऱ्याने, म्हणजे ओढ्याने, समुद्राला मिळतो आणि शिमगा झाला की विहिरीत कळशी तळाला खरवडते, मग टँकर. तेव्हा कंपनी किती पाणी उचलणार ते सांगा म्हणावं. ते म्हणतील एअर-कूल्ड चिलर, म्हणजे हवेवर गार करणारी यंत्रं लावू, पाणी लागणारच नाही. बरं, मग वीज जास्त लागणार, ती कुठनं आणणार, लाइन कोणाच्या आंब्याच्या कलमांतनं जाणार? आणि पाण्याची वाफ करून गार करायचं म्हटलं तर आपल्या मे महिन्याच्या दमट हवेत ते धड चालत नाही हे तुला मी सांगायला नको, पीयूई आणि डब्ल्यूयूई, म्हणजे सेंटरच्या विजेच्या आणि पाण्याच्या वापराची मापं, तुला तोंडपाठ.

आकडा सहज मिळेल असं समजू नकोस. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या द डॅल्स गावात गूगलच्या सेंटरला किती पाणी जातं हे एका पेपरने विचारलं, तर नगरपालिकाच कोर्टात गेली, व्यापारी गुपित म्हणे! 2022 च्या शेवटी आकडा बाहेर आला, गावाच्या एकूण पाण्याच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त. तिथे हे, तर आपल्याकडे काय असेल? आपल्या 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत तर अशी इमारत बांधकामाच्या रकान्यात जाते आणि त्या रकान्याला जनसुनावणीच नाही. म्हणजे विचारायची जागा राहिली ग्रामसभा.

मला विकासविरोधी म्हणाले, अजून म्हणतात. म्हणोत. शेजारच्या गावात कारखाना आला तेव्हा मी नको म्हटलंच नव्हतं, मी फक्त पाण्याचं लेखी द्या म्हटलं होतं. साहेब चहा पिऊन "काका, विश्वास ठेवा" म्हणून गेला, सरपंचाने ठेवला, आणि खालच्या वाडीच्या विहिरी फेब्रुवारीतच आटायला लागल्या. त्या भांडणात दोन जुने मित्र तुटले ते आजतागायत गणपतीलासुद्धा घरी येत नाहीत, त्याचं वाईट वाटतं, पण कागद मागितला याचं नाही वाटत, कधी वाटणारही नाही.

नोकऱ्यांचंही विचार. बांधकामाची वेगळी, कायमची वेगळी, दोन्ही एकत्र करून सांगू देऊ नकोस. तुमच्याकडे एका पाळीत किती माणसं असतात ते तूच उभी राहून सांग, तुझ्या तोंडून पटेल. डिझेल जनरेटर किती, टेस्टिंग किती वाजता, तेही.

चाकरमान्यांनी फोनवरनं मत द्यायचं आणि ग्रामसभेला वाडीतल्या म्हाताऱ्यांना पुढे करायचं, हे मला चालणार नाही. कोकणकन्येचं तिकीट काढ. आणि पुन्हा सांगतो, मे महिन्याचा, लेखी, सही-शिक्क्यासकट.